घरच्या घरी हँडब्रेक दुरुस्ती : शू आधी, केबल शेवटी

हँडब्रेक ढिला झाला की बहुतेक जण एकच उपाय करतात. लीव्हरच्या मुळाशी असलेला नट आवळायचा, केबल ताणायची आणि लीव्हर हाताला घट्ट लागला की काम झालं असं समजायचं. त्याने लीव्हर घट्ट होतो, पण हँडब्रेक दुरुस्त झालेला नसतो. हे काम पहिल्यांदाच स्वतः करणाऱ्याने नट हातात घेण्याआधी तो असा का फसवतो ते समजून घ्यावं.

लीव्हर ओढला की एक पोलादी केबल ताणली जाते. गाडीच्या पोटाखाली किंवा कन्सोलच्या आत एक छोटी आडवी पट्टी असते, तिला इक्वलायझर म्हणतात. तिथून दोन केबली निघून दोन्ही मागच्या चाकांकडे जातात. चाकासोबत फिरणाऱ्या पोकळ डब्याला ड्रम म्हणतात. त्याच्या आत दोन ब्रेक शू असतात, म्हणजे घासणारं अस्तर (लायनिंग) लावलेल्या वाकड्या पट्ट्या. एका शूला जोडलेला लहान लीव्हर केबलने ओढला जातो आणि दोन्ही शू ड्रमच्या आतल्या भिंतीवर दाबले जातात. शू झिजले की शू आणि भिंत यांच्यातलं अंतर वाढतं. ते अंतर कमी करणं हे ड्रमच्या आतल्या ॲडजस्टरचं काम आहे. ते न करता केबल ताणली, तर आतला लहान लीव्हर आपल्या मूळ जागी परत बसत नाही, कायम थोडा ओढलेला राहतो. अनेक गाड्यांत त्यामुळे आपोआप अंतर जुळवणारी यंत्रणाच बंद पडते. मग अंतर वाढत जातं, नट पुन्हा आवळावा लागतो आणि शेवटी पायाच्या ब्रेकचा पेडलही खोल जायला लागतो. म्हणून आधी शू जुळवायचे आणि केबलला हात सगळ्यात शेवटी लावायचा.

१. आपल्या गाडीत कोणता हँडब्रेक आहे ते ओळखा

मागच्या चाकांना ड्रम असतील तर हा लेख थेट तुमच्यासाठी आहे. मागे डिस्क असतील तर दोन शक्यता असतात. एकात हँडब्रेकची केबल सरळ कॅलिपरवरच्या (डिस्कला दोन पॅडच्या चिमटीत दाबणाऱ्या भागावरच्या) लीव्हरला जोडलेली दिसते. दुसऱ्यात डिस्कच्या मधल्या फुगीर भागात एक लहान ड्रम दडलेला असतो आणि तो फक्त हँडब्रेकसाठीच वापरला जातो. या दोन्हींबद्दल मुद्दा १० मध्ये लिहिलं आहे.

चौथा प्रकार बटणावर चालणाऱ्या इलेक्ट्रिक हँडब्रेकचा. त्यात कॅलिपरवर मोटर बसवलेली असते आणि काम सुरू करण्याआधी स्कॅनरने ती सर्व्हिस स्थितीत न्यावी लागते. ती तशी न नेता पिस्टन मागे ढकलला तर आतले गियर तुटतात, शिवाय मध्येच मोटर फिरली तर बोटं चिरडू शकतात. योग्य स्कॅनर हाताशी नसेल तर हा प्रकार घरी उघडू नका.

२. दोष कुठे आहे ते गाडी उचलण्याआधी ठरवा

हँडब्रेक बिघडण्याच्या तऱ्हा ठरलेल्या आहेत आणि लीव्हरचा हाताला येणारा अंदाज बरंच काही सांगतो.

लीव्हर नेहमीपेक्षा वर येतो पण वर गेल्यावर गाडी धरतो : शू झिजले आहेत, ॲडजस्टर अडकला आहे किंवा केबल थोडी लांबली आहे. सगळ्यात जास्त वेळा हेच आढळतं.

लीव्हर विरोध न करता सरळ वर येतो : केबल तुटली आहे किंवा कुठल्या तरी टोकाला निसटली आहे.

लीव्हर घट्ट लागतो, तरी गाडी चढावर सरकते : दोष शूंच्या पृष्ठभागात असतो. ते चकचकीत होऊन गुळगुळीत झालेले असतात किंवा त्यांवर ब्रेक ऑइल वा ग्रीस आलेलं असतं. केबल आवळून इथे काहीही मिळत नाही.

लीव्हर खाली केला तरी मागचं चाक जड राहतं, थोडं चालवल्यावर तापतं : केबल तिच्या आवरणात गंजून अडकली आहे किंवा चाकाजवळचा लीव्हर जाम आहे.

लीव्हर वर थांबतच नाही, खाली घसरतो : लीव्हरखालच्या दातेरी पट्टीचे दाते किंवा त्यात अडकणारा खटका झिजला आहे. इथे पूर्ण लीव्हर बदलणं हाच योग्य उपाय. दाते कानशीने घासून धारदार करण्याच्या भानगडीत पडू नका.

डॅशबोर्डवरचा दिवा विझत नसेल तर लगेच लीव्हरखालच्या स्विचला दोष देऊ नका. अनेक गाड्यांत ब्रेक ऑइलची पातळी कमी झाली तरी तोच दिवा लागतो. आधी बॉनेट उघडून ऑइलची टाकी बघा. पातळी खाली गेली असेल तर शू-पॅड झिजलेत किंवा कुठेतरी गळती आहे. गळती असेल तर हँडब्रेक बाजूला ठेवून आधी तीच शोधायची.

३. काय काय जवळ हवं

सगळ्यात आधी माहिती. तुमच्या मॉडेलचं वर्कशॉप मॅन्युअल मिळवा आणि त्यातून चार आकडे कागदावर लिहून घ्या : लीव्हर किती खटक्यांवर (ओढताना येणाऱ्या ‘कट-कट’ आवाजांवर) धरायला हवा, शूच्या लायनिंगची किमान जाडी, ड्रमचा कमाल व्यास आणि चाकाच्या नटांचा टॉर्क, म्हणजे ते किती जोराने आवळायचे. खटक्यांची संख्या मॉडेलनुसार वेगळी असते. बऱ्याच गाड्यांत ती ४ ते ९ यांच्या मध्ये कुठेतरी पडते, पण शेजाऱ्याच्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला लावू नका. सुटे भाग मागवताना चासी नंबर लागतो, कारण एकाच मॉडेलमध्ये दोन वेगवेगळ्या मापांचे ड्रम आलेले असू शकतात.

अवजारं अशी :

– जॅक आणि दोन जॅक स्टँड
– चाकांना लावायला चार ठोकळे
– चाकाचा पाना, सॉकेट सेट, टॉर्क रेंच
– पक्कड, लांब टोकाची पक्कड, चपटे स्क्रू ड्रायव्हर
– वायर ब्रश, रबरी हातोडी, व्हर्नियर (जाडी बारकाईने मोजायचं साधन)
– ब्रेक क्लीनरचा डबा, ब्रेकसाठीचं उष्णता सोसणारं ग्रीस
– गॉगल, हातमोजे, चांगला मास्क

ग्रीसबद्दल हट्ट धरा. साधं ग्रीस तापलं की पातळ होऊन शूवर उतरतं आणि मग शू फेकावे लागतात.

४. गाडी जागच्या जागी बांधून टाका

हँडब्रेक दुरुस्त करताना तुमच्याकडे हँडब्रेक नसतो. वाक्य साधं आहे, पण या कामातला सगळा धोका त्यात आहे. सपाट आणि कडक जमीन निवडा. माती, उतार किंवा उन्हात मऊ झालेलं डांबर नको. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून ठोकळे लावा.

पुढची चाकं ओढणारी गाडी असेल तर ती गियरमध्ये ठेवा, ऑटोमॅटिक असेल तर पी मध्ये. इंजिन मागची चाकं ओढत असेल तर मात्र गियर फक्त मागच्याच चाकांना धरतो आणि नेमकी तीच तुम्ही उचलणार आहात. शिवाय चाक फिरवून बघायला न्यूट्रलच लागतो. अशा गाडीत सगळी मदार ठोकळ्यांवर असते, म्हणून ते भक्कम आणि चाकाला चिकटून बसलेले हवेत.

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करा. मग मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागीच जॅक लावून गाडी उचला, स्टँड लावा आणि वजन स्टँडवर उतरवा. जॅक फक्त उचलण्यासाठी असतो. गाडीला बाजूने हाताने जोर देऊन हलवून बघा. स्टँडवर ती हलली तर आताच हललेली बरी. काढलेलं चाक गाडीच्या कडेखाली आडवं सरकवून ठेवा, काही बिनसलं तर तेवढी जागा उरते.

५. आधी केबल आणि लीव्हर तपासा

आता लीव्हर पूर्ण खाली करा आणि गाडीखाली टॉर्च मारून केबलीचा सगळा मार्ग बघा. बाहेरचं आवरण फाटलंय का, ती सायलेन्सरच्या नळीला टेकून वितळलीय का, एखादा क्लॅम्प सुटून ती लोंबतेय का? आवरण फाटलं की पाणी आत जातं आणि केबल आतून गंजते. बाहेरून ती ठणठणीत दिसते, त्यामुळे या दोषाचा तपास लागायला वेळ जातो.

इक्वलायझरची पट्टी नीट बघा. ती केबलीशी साधारण काटकोनात असली पाहिजे. तिरकी झाली असेल तर एक बाजू दुसरीपेक्षा जास्त ओढली जाते आहे, म्हणजे एक केबल अडकलीय किंवा एका ड्रममधलं अंतर जास्त आहे. मदतनीसाला लीव्हर वर-खाली करायला सांगा आणि दोन्ही केबली सारख्याच सरकतात का, मुख्य म्हणजे सारख्याच परत येतात का, ते पाहा.

गंजून अडकलेली केबल तेल सोडून मोकळी करता येते, पण ती थोड्याच दिवसांत पुन्हा अडकते आणि चालत्या गाडीत ब्रेक घासत राहतो. अशी केबल बदलाच.

६. ड्रम काढा

केबलच्या समायोजनाचा नट आता सैल करा, आवळू नका. कन्सोलच्या आत लीव्हरच्या मागे किंवा गाडीखाली इक्वलायझरजवळ तो सापडेल. तो सैल झाल्याशिवाय शू पूर्ण आत येत नाहीत आणि ड्रम त्यांच्यावर अडकून राहतो.

ड्रम धरून ठेवणारा लहान स्क्रू असेल तर तो काढा. ड्रम तरीही हलत नसेल तर त्याच्या तोंडावर बहुधा दोन आटे पाडलेली भोकं दिसतील. त्यांत योग्य मापाचे बोल्ट घालून आलटून पालटून अर्धा-अर्धा फेरा आवळत गेलात की ड्रम सरळ बाहेर येतो. जुन्या, झिजलेल्या ड्रमच्या आतल्या कडेला एक उंचवटा तयार होतो आणि शू त्यात अडकतात. मग बॅकप्लेटवरचं (शू ज्यावर बसवलेले असतात त्या ड्रममागच्या न फिरणाऱ्या पत्र्यावरचं) रबरी बूच काढून तिथल्या भोकातून स्क्रू ड्रायव्हरने ॲडजस्टर मागे फिरवावा लागतो. रबरी हातोडीने ठोकायला हरकत नाही. लोखंडी हातोडीने कडेवर घाव घातला तर ड्रमचा तुकडा उडतो, कारण तो बिडाचा असतो.

काही गाड्यांत ड्रम आणि हब (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) एकच असतात आणि मधला बेअरिंगचा मोठा नट काढावा लागतो. तो नट अनेक ठिकाणी दर वेळी नवाच लावायचा असतो आणि त्याचा टॉर्क तंतोतंत पाळायचा असतो. याची तयारी नसेल तर तिथेच थांबा.

दोन गोष्टी कटाक्षाने पाळा. आतली धूळ तोंडाने किंवा हवेच्या दाबाने उडवू नका. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो आणि तो नसला तरी ही धूळ फुप्फुसात जाऊ नये. ब्रेक क्लीनरने ओली करून खाली ठेवलेल्या ट्रेमध्ये गाळा. दुसरं म्हणजे, ड्रम काढलेला असताना ब्रेकच्या पेडलवर कुणाचाही पाय पडू देऊ नका. व्हील सिलिंडरचे (पेडल दाबल्यावर शू बाहेर ढकलणाऱ्या नळकांड्याचे) पिस्टन बाहेर उडतात आणि ब्रेक ऑइल सगळीकडे पसरतं.

७. आत काय पाहायचं

कशालाही हात लावण्याआधी फोटो काढा, समोरून आणि दोन्ही बाजूंनी. एका वेळी एकच बाजू उघडा. दुसरी बाजू जोडलेलीच राहू द्या, म्हणजे कुठली स्प्रिंग कुठल्या भोकात हा प्रश्न पडला की आरशातल्यासारखं उत्तर समोर असतं.

लायनिंगची जाडी व्हर्नियरने सगळ्यात पातळ जागी मोजा. चिकटवलेल्या लायनिंगला अनेक मॅन्युअलमध्ये १ मिमी ही शेवटची मर्यादा असते. रिव्हेटवाल्या लायनिंगमध्ये रिव्हेटच्या डोक्यापासून वर किती उरलंय ते मोजायचं. शू बदलायचे असतील तर दोन्ही चाकांचे एकदमच बदला. ड्रमच्या आत खोल चरे आहेत का ते बोटाने चाचपा आणि व्यास ड्रमवरच लिहिलेल्या कमाल आकड्याशी ताडून पाहा.

मग व्हील सिलिंडरच्या रबरी टोप्यांची कड हळूच उचलून बघा. किंचित ओलसरपणा चालतो, थेंब चालत नाही. ऑइल दिसलं तर सिलिंडर बदलणं आणि ब्रेकची हवा काढणं ओघाने आलं. हे काम पूर्वी केलं नसेल तर जाणकाराला सोबत घ्या. ऑइल किंवा ग्रीस लागलेले शू पेट्रोलने धुऊन परत बसवण्याची सवय अनेकांना आहे. लायनिंग तेल आत शोषून घेतं आणि तापल्यावर ते पुन्हा बाहेर येतं, म्हणून असे शू टाकूनच द्या. आणि नवे बसवण्याआधी गळती बंद करा, नाहीतर तेही वाया जातील.

सगळ्यात जास्त वेळ ॲडजस्टरला द्या. दातेरी चाक हाताने फिरतंय का, आटे गंजलेत का, दाते बोथट झालेत का ते पाहा. शूवरचा लहान लीव्हर आपल्या खिळ्यावर मोकळा हलतो का आणि केबल सोडल्यावर पूर्ण मागे येतो का, तेही बघा. ‘हँडब्रेक गेला’ अशी तक्रार असलेल्या गाड्यांत पुष्कळदा दोष एवढाच निघतो : गंजलेला ॲडजस्टर आणि न हलणारा लहान लीव्हर.

८. साफसफाई आणि ग्रीस

ॲडजस्टर काढून वायर ब्रशने आटे स्वच्छ करा, क्लीनरने धुवा, वाळवा आणि आट्यांना ब्रेक ग्रीसचा पातळ हात द्या. डाव्या आणि उजव्या ॲडजस्टरचे आटे सहसा उलट दिशेचे असतात. त्यांची अदलाबदल झाली तर अंतर कमी होण्याऐवजी वाढत जाईल. म्हणून काढल्या काढल्या खूण करा.

बॅकप्लेटवर शू जिथे टेकतात तिथे काही उंच घासलेल्या जागा दिसतील. त्या साफ करून प्रत्येकीवर ग्रीसचा अगदी लहान ठिपका ठेवा. लायनिंगला आणि ड्रमच्या आत ग्रीसचं बोटही लागू नये. स्प्रिंगा ओढताना गॉगल काढू नका. ताणलेली स्प्रिंग निसटते तेव्हा सरळ चेहऱ्याकडे येते. गंजलेल्या किंवा वेटोळ्यांमध्ये फट पडलेल्या स्प्रिंगा बदला.

९. शू जुळवा, मग केबल

आता मुख्य काम. केबलचा नट अजून सैलच आहे, तो तसाच ठेवा. ॲडजस्टर थोडाथोडा फिरवत जा आणि दर वेळी ड्रम चढवून पाहा. ड्रम सहज चढावा, आणि फिरवला की शू अगदी हलकेच घासल्याचा आवाज यावा. ड्रम फिरवायला जोर लागत असेल तर दोन-चार दाते मागे या. दोन्ही बाजू सारख्याच ठेवा.

दोन्ही ड्रम बसले की ब्रेकचा पेडल बऱ्याच वेळा दमदार दाबा. त्याने शू मध्यभागी बसतात आणि स्वयंचलित ॲडजस्टर असेल तर उरलेलं अंतर तो भरून काढतो. पुन्हा ड्रम फिरवून पाहा.

आता केबल. लीव्हर तीन-चार वेळा पूर्ण ओढून सोडा, म्हणजे केबल आपल्या जागी बसेल, विशेषतः ती नवी असेल तर. मग लीव्हर खाली ठेवून नट थोडा थोडा आवळा आणि खटके मोजत जा. मॅन्युअलमधल्या आकड्याच्या आत दोन्ही चाकं हाताने फिरेनाशी झाली पाहिजेत आणि लीव्हर पूर्ण खाली केल्यावर दोन्ही मोकळी फिरली पाहिजेत. या दोन अटी एकत्र पूर्ण होत नसतील तर नटाशी झगडू नका. शूंचं अंतर चुकलंय किंवा केबल अडकतेय, म्हणजे एक पायरी मागे जायचं आहे.

लीव्हर एक-दोन खटक्यांतच कडक होईल एवढा नट आवळणं ही सगळ्यात महाग पडणारी चूक. गाडी दारात छान थांबते, रस्त्यावर मात्र शू सतत घासतात, ड्रम तापतो, लायनिंग कडक होतं आणि तोच हँडब्रेक पुढे धरेनासा होतो. नटाला लॉकनट असेल तर तो शेवटी आवळायला विसरू नका.

केबल बदलत असाल तर नवी केबल जुनीशेजारी ठेवून लांबी आणि दोन्ही टोकं आधी जुळवून घ्या. बॅकप्लेटमध्ये ती पसरणाऱ्या पात्यांच्या क्लिपने अडकलेली असते. योग्य मापाचा रिंग पाना त्या पात्यांवरून सरकवला की ती सगळी एकदम मिटतात आणि केबल मागे निघते. नवी केबल जुन्याच क्लॅम्पमधून, जुन्याच मार्गाने न्या.

१०. मागे डिस्क असतील तर

केबल थेट कॅलिपरला असेल तर आधी तिथला लीव्हर पाहा. हँडब्रेक सोडल्यावर तो आपल्या टेकूला टेकलाच पाहिजे. टेकत नसेल तर केबल जास्त ताणलेली आहे किंवा लीव्हरचा आस गंजला आहे. पॅड बदलताना अशा कॅलिपरचा पिस्टन बहुतेक गाड्यांत फिरवत फिरवत आत न्यावा लागतो. त्यासाठी वेगळं अवजार मिळतं. शिकंज्याने सरळ दाबलात तर आतली यंत्रणा मोडते. पॅड बसल्यावर आधी पेडल मारून अंतर भरायचं आणि मगच केबलकडे वळायचं. क्रम इथेही तोच.

डिस्कच्या आत लहान ड्रम असेल तर ते शू चालत्या गाडीत वापरलेच जात नाहीत, त्यामुळे ते झिजण्यापेक्षा गंजून आणि लायनिंग सुटून खराब होतात. समायोजनासाठी डिस्कच्या तोंडावर एक भोक असतं. त्यातून दातेरी चाक डिस्क घट्ट होईपर्यंत फिरवायचं आणि मग मॅन्युअलने सांगितलेले तेवढे दाते मागे यायचं.

११. रस्त्यावर नेण्याआधी चाचणी

चाकं बसवा, गाडी खाली घ्या, नट टॉर्क रेंचने आळीपाळीने समोरासमोरचे आवळा. ठोकळे काढण्याआधी पेडल दाबून पाहा. तो नेहमीच्या उंचीवर घट्ट लागला पाहिजे. स्पंजासारखा दबत असेल तर गाडी हलवू नका.

मग मोकळ्या, सौम्य चढावर जा. पाय ब्रेकवर ठेवून हँडब्रेक ओढा, गियर न्यूट्रल करा आणि पाय हळूहळू उचला. पाय पेडलच्या अगदी वरच राहू द्या. हीच चाचणी गाडीचं तोंड उताराकडे करूनही घ्या, कारण ड्रमचे शू दोन्ही दिशांना सारख्याच जोराने धरतीलच असं नाही.

शेवटी १०-१५ मिनिटं चालवून या, शक्य तितका कमी ब्रेक वापरत. थांबल्यावर तळहाताची मागची बाजू दोन्ही मागच्या चाकांच्या रिमजवळ न्या, टेकवू नका. एक चाक दुसऱ्यापेक्षा स्पष्ट गरम लागलं तर त्या बाजूचा शू घासतो आहे. ते चाक पुन्हा उचला आणि ॲडजस्टर दोन दाते मागे घ्या.

नवे शू बसवले असतील तर ते ड्रमच्या आकारात रुळेपर्यंत पकड थोडी कमी वाटेल आणि लीव्हर एखादा खटका वर येईल. तेवढ्यात गाडी चढावर लावावी लागली तर ती गियरमध्येही ठेवा. शंभरेक किलोमीटर झाल्यावर चाकांच्या नटांचा टॉर्क पुन्हा एकदा तपासा आणि खटके पुन्हा मोजा. आकडा वाढला असेल तर सुरुवात ड्रमच्या ॲडजस्टरपासूनच करायची.